तारीख अलीकडे ओढली, मतं अर्धी झाली: फ्लोरिडा २००८

प्रकरण थोडक्यात

मे २००७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं कायदा करून आपली अध्यक्षीय प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, ११ मार्च २००८ वरून २९ जानेवारीवर आणली. फरक सहा आठवड्यांचा. पण त्यापायी डेमोक्रॅटिक पक्षानं पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात बसणारे राज्याचे सगळेच्या सगळे प्रतिनिधी बाद केले. पक्षाच्या लेखी ज्याला किंमतच नाही अशा मतदानाला साडेसतरा लाख लोक गेले. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यातली चुरस शेवटच्या आठवड्यात आली, तरी फ्लोरिडाची मतं धरायची की सोडायची याचा निकाल लागत नव्हता.

उमेदवार आणि पदाधिकारी इथे नावानिशी येतात, कारण त्यांनी जे केलं ते जाहीर नोंदीत आहे. कार्यकर्ते आणि मतदार मात्र बिननावाचे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात आणि तारखा निवडणूक आयोग जाहीर करतो, त्यामुळे हा घोळ चटकन लक्षात येत नाही. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांतून निवडून आलेले पक्षाचे प्रतिनिधी उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनात ठरवतात. हे प्रतिनिधी कुणाच्या पारड्यात पडणार, हे प्रायमरीतल्या मतांवरून ठरतं. आता मेख अशी, की प्रायमरी घेतं राज्य सरकार. मतपत्रिका त्यांच्या, केंद्रं त्यांची, खर्च तिजोरीतून, आणि तारीख राज्याच्या कायद्यानं ठरलेली. त्या मतांच्या बळावर आलेल्या प्रतिनिधींना अधिवेशनात बसू द्यायचं की नाही, हा अधिकार मात्र पक्षाचा. सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली विस्कॉन्सिनच्या खटल्यात हे स्पष्टच करून टाकलं होतं: राज्याचा कायदा काहीही म्हणो, राष्ट्रीय पक्षावर प्रतिनिधी लादता येणार नाहीत. म्हणजे तारखेचा मालक एक आणि त्या तारखेला पडलेल्या मताच्या किमतीचा मालक दुसरा.

दोघांचं पटतं तोवर हे कुणाला जाणवत नाही. पण पहिल्या पंगतीच्या मानावरून पटेनासं होतं. आयोवाचं कॉकस, म्हणजे प्रायमरीऐवजी पक्षाच्या सभांत होणारं मतदान, १९७२ पासून सगळ्यांत आधी. न्यू हॅम्पशायरची प्रायमरी १९२० पासून पहिली, आणि तो मान कुणी हिसकावू नये म्हणून १९७५ साली तिथल्या विधिमंडळानं कायदाच केला: दुसऱ्या कुठल्याही राज्याच्या तशाच निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी आमची होणार. तारीख ठरवायचा अधिकार राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे तिथल्या निवडणुका पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे. बिल गार्डनर या गृहस्थांनी ही खुर्ची १९७६ पासून सांभाळली होती आणि इतरांनी पत्ते उघड करेपर्यंत ते आपली तारीख सांगतच नसत.

फ्लोरिडाचं दुखणं खोटं नव्हतं. लोकसंख्येनं देशात चौथं राज्य, नोव्हेंबरात सगळ्यांत अटीतटीची लढत इथे, २००० सालची अध्यक्षीय निवडणूक तर ५३७ मतांनी इथेच निकालात निघाली. पण उमेदवार ठरवताना या राज्याला कुणी विचारत नसे. २००० मध्ये फ्लोरिडाची प्रायमरी १४ मार्चला होती. रिपब्लिकनांचे मकेन आणि डेमोक्रॅट्सचे ब्रॅडली ९ मार्चलाच स्पर्धेतून बाहेर पडले होते. २००४ मध्ये ती ९ मार्चला होती. डेमोक्रॅटिक उमेदवार केरींचे शेवटचे तगडे प्रतिस्पर्धी एडवर्ड्स ३ मार्चला थांबले. दोन्ही वेळा फ्लोरिडाचे मतदार जेवणं उरकल्यावर मांडवात पोहोचले.

डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीनं ऑगस्ट २००६ मध्ये पुढच्या निवडणुकीचं वेळापत्रक मंजूर केलं. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन्ही राज्यं जवळपास पूर्ण गोरी, ही टीका जुनी होती. म्हणून लॅटिनो मतदार आणि कामगार संघटनांसाठी नेवाडा, आणि कृष्णवर्णीय मतदारांसाठी साउथ कॅरोलिना, अशी दोन राज्यं पहिल्या रांगेत घेतली. या चौघांखेरीज कुणीही ५ फेब्रुवारी २००८ च्या आधी मतदान घ्यायचं नाही. घेतलं तर निम्मे प्रतिनिधी आपोआप जातील. शिवाय अशा राज्यात जो उमेदवार प्रचार करेल, त्याला तिथले प्रतिनिधी मिळणार नाहीत.

पेच कसा तयार झाला

फ्लोरिडाच्या दोन्ही सभागृहांत तेव्हा रिपब्लिकन पक्षाचं भक्कम बहुमत होतं. हाउसचे स्पीकर मार्को रुबिओ प्रायमरी अलीकडे आणण्याच्या बाजूचे, गव्हर्नर चार्ली क्रिस्टही. ज्या विधेयकातून हे झालं त्याचा क्रमांक योगायोगानं ५३७ होता. त्यात नुसती तारीख असती तर डेमोक्रॅटिक आमदारांना विरोध करणं सोपं गेलं असतं. पण त्याच विधेयकात टचस्क्रीन यंत्रं काढून कागदी मतपत्रिका आणायची तरतूद होती.

ही मागणी कुणाची होती, हे पाहायला हवं. नोव्हेंबर २००६ मध्ये सारासोटा भागातल्या काँग्रेसच्या जागेसाठी लढत झाली. टचस्क्रीनवर मत द्यायला आलेल्या सुमारे १८,००० लोकांचं त्या एका लढतीत मतच नोंदलं गेलं नाही, आणि डेमोक्रॅटिक उमेदवार ३६९ मतांनी पडल्या. फेरमोजणी करायची तर कागद कुठे होता? म्हणजे ‘कागद द्या’ हा डेमोक्रॅट्सचा स्वतःचा घोष होता. तोच आता तारखेला चिकटून आला.

५ फेब्रुवारीची तारीख धरा, अशी दुरुस्ती डेमोक्रॅट्सनी मांडली. ती फेटाळली गेली. मग अंतिम मतदान झालं: हाउसमध्ये ११८ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ३७ विरुद्ध २. गव्हर्नर क्रिस्ट यांनी २१ मे २००७ रोजी सही केली.

तो ११८–० चा आकडा पुढे वर्षभर फ्लोरिडाच्या डेमोक्रॅट्सच्या मानगुटीवर बसला. ‘आमच्या हातात काही नव्हतं, बहुमत रिपब्लिकनांचं’ असं ते सांगत तेव्हा समोरून प्रश्न येई, मग तुमच्यातल्या एकानंही ‘नाही’ का म्हटलं नाही?

समोर कोणते पर्याय होते

२५ ऑगस्ट २००७ रोजी राष्ट्रीय समितीच्या नियम व उपविधी समितीसमोर फ्लोरिडाचा विषय आला. नियमानं निम्मे प्रतिनिधी जातच होते. समितीला वाटलं की एवढ्यानं भागणार नाही. फ्लोरिडाला सोडलं तर रांग लागेल. एका फ्लोरिडावासी सदस्याचा विरोध सोडता सगळ्यांनी मत दिलं की २१० च्या २१० प्रतिनिधी रद्द. राज्य पक्षाला दुसरा मार्ग काढायला ३० दिवस मिळाले. होकार देणाऱ्यांत हॅरल्ड इकीस हे क्लिंटन यांचे जुने सल्लागारही होते. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

राज्य पक्षाच्या अध्यक्षा कॅरन थर्मन यांच्यापुढे खरे पर्याय तीन-चारच होते. कायदा बदलून घेणं बाद, कारण विधिमंडळ विरोधकांच्या ताब्यात आणि त्यांना बदलायचं काही कारण नाही. कोर्टात जाणं शक्य होतं, पण १९८१ चा निवाडा डोळ्यासमोर होता. तिसरा पर्याय असा: २९ जानेवारीला जे होईल ते होऊ द्यायचं, ते नुसतं मतप्रदर्शन मानायचं, आणि ५ फेब्रुवारीनंतर पक्षानं स्वतःच्या खर्चानं कॉकस किंवा टपाली मतदान घ्यायचं. नियमांच्या दृष्टीनं हाच स्वच्छ रस्ता होता. अडचण आकाराची होती. राज्यात नोंदणीकृत डेमोक्रॅट चाळीस लाखांहून जास्त. कॉकस म्हणजे ठरलेल्या वेळी सभागृहात जाऊन उभं राहायचं. निवृत्तांचं राज्य, हजारो सैनिक बाहेरगावी, संध्याकाळच्या पाळीतले हॉटेल कामगार, यांचं काय? त्यात २९ जानेवारीलाच मालमत्ता करावरची घटनादुरुस्ती मतदारांपुढे येणार होती. ‘त्या दिवशी जाऊ नका, आपलं मतदान नंतर आहे’ असं सांगितलं तर त्या प्रश्नावर डेमोक्रॅट्सचा आवाजच उरला नसता.

चौथा पर्याय म्हणजे ठाम राहणं. २९ जानेवारीच खरी, शिक्षा काय व्हायची ती होऊ दे. याच्या मागे एक हिशेब होता, आणि सगळं प्रकरण त्या हिशेबाभोवती फिरतं. तो असा: ५ फेब्रुवारीला वीसपेक्षा जास्त राज्यं मतदान करतील, त्या रात्री उमेदवार ठरून जाईल, आणि ठरलेला उमेदवार फ्लोरिडासारख्या राज्याला अधिवेशनाच्या दाराबाहेर ठेवण्याचा मूर्खपणा करणार नाही. म्हणजे शिक्षा कागदावर, प्रतिनिधी जागेवर.

असा विचार एकट्या फ्लोरिडाचा नव्हता. शंभर टक्क्यांची शिक्षा देणाऱ्या समितीतही बहुतेकांना तेच वाटत असावं, नाहीतर इतकी टोकाची शिक्षा इतक्या निवांतपणे कुणी दिली नसती.

काय केलं गेलं

सप्टेंबरच्या शेवटी थर्मन यांनी जाहीर केलं की राज्य पक्ष २९ जानेवारीवर कायम आहे. सिनेटर बिल नेल्सन आणि काँग्रेस सदस्य ॲल्सी हेस्टिंग्ज यांनी राष्ट्रीय समितीवर राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीच्या फेडरल कोर्टात दावा लावला. डिसेंबरात तो फेटाळला गेला.

दरम्यान आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलिना या चौघांनी उमेदवारांकडून लेखी वचन घेतलं की नियम मोडणाऱ्या राज्यांत आम्ही प्रचार करणार नाही. क्लिंटन, ओबामा, एडवर्ड्स, बायडन, डॉड, रिचर्डसन, सगळ्यांनी सह्या केल्या. न करून सांगतात कुणाला, पहिलं मतदान त्यांच्याकडेच. वचनात एक फट होती: निधी गोळा करायला येण्यास मनाई नव्हती. मायामीत श्रीमंतांच्या घरी जेवायला यायचं, चेक घ्यायचे आणि शेजारच्या चौकात सभा न घेता विमानात बसायचं. स्थानिक कार्यकर्त्यांना जेवढं हे झोंबलं तेवढं प्रतिनिधी जाणंही झोंबलं नसेल.

आणि फ्लोरिडाच्या शिक्षेनं धाक बसला का? समितीच्या ठरावानंतर दहा दिवसांत मिशिगननं १५ जानेवारीचा कायदा केला. डेट्रॉइटच्या एका मोठ्या भागानं पुढे २०२२ मध्ये बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदारांना काँग्रेसवर पाठवलं, ते हे राज्य. तिथल्या सिनेटर कार्ल लेव्हिन यांचा न्यू हॅम्पशायरच्या मक्तेदारीशी जुना झगडा होता. ओबामा, एडवर्ड्स आणि आणखी दोघांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नाव काढून घेतलं. क्लिंटन यांनी ठेवलं. १ डिसेंबरला समितीनं मिशिगनचेही सगळे प्रतिनिधी कापले, आणि त्याच बैठकीत आयोवा, न्यू हॅम्पशायर आणि साउथ कॅरोलिना यांना आपापल्या तारखा अलीकडे घ्यायला सूट दिली. नियमाची भाषा काहीही असो, दिसायला ते वाईटच दिसलं.

गार्डनर यांनी २१ नोव्हेंबरला न्यू हॅम्पशायरची तारीख सांगितली होती: ८ जानेवारी. मिशिगनच्या बरोबर सात दिवस आधी. आयोवा त्याहून अलीकडे, ३ जानेवारीला. नववर्षाच्या पार्टीची भांडी विसळून होईपर्यंत अध्यक्षीय निवडणूक सुरू.

२९ जानेवारीला फ्लोरिडात डेमोक्रॅटिक बाजूनं सुमारे साडेसतरा लाख मतं पडली. क्लिंटन ५० टक्के, ओबामा ३३, एडवर्ड्स १४. मतदान संपल्यावर क्लिंटन विमानानं डेव्ही गावी येऊन विजयसभेत बोलल्या. वचन प्रचाराबद्दल होतं आणि मतदान संपलेलं होतं. शब्दांत बसत होतं.

रिपब्लिकन बाजूला चित्र अगदी वेगळं. त्यांच्या राष्ट्रीय समितीनंही शिक्षा केली, पण नियमात होती तेवढीच: ११४ चे ५७ प्रतिनिधी. प्रचारबंदी नव्हती. रुडी जुलियानी यांनी तर आधीची राज्यं सोडून सगळं फ्लोरिडावर लावलं होतं. ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. मकेन ३६ टक्क्यांनी जिंकले आणि तिथून थेट उमेदवारीकडे गेले. एकच तारीख, एकच कायदा, तीच मतदान केंद्रं. एका पक्षाला अर्ध्या प्रतिनिधींत निर्णायक लढत मिळाली, दुसऱ्याला पूर्ण शिक्षेत पोकळ मतदान.

हिशेब चुकला

५ फेब्रुवारीला काहीच ठरलं नाही. क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क घेतलं, ओबामांनी लहान राज्यांचा ढीग. प्रतिनिधी जवळपास सारखे. उरलेल्या फेब्रुवारीत ओबामा एकामागून एक राज्य जिंकत गेले, ४ मार्चला टेक्सस आणि ओहायोच्या प्रायमरी क्लिंटन यांनी घेतल्या.

आता कॅलेंडर उघडून बघा. ११ मार्च, फ्लोरिडाची जुनी तारीख. त्या दिवशी एकट्या मिसिसिपीत मतदान झालं. त्यानंतर २२ एप्रिलच्या पेन्सिल्व्हेनियापर्यंत सहा आठवडे काहीही नव्हतं. फ्लोरिडा जागची हलली नसती, तर ५ फेब्रुवारीनंतर उमेदवारांचा मुक्काम तिथेच पडला असता. टॅम्पा, ऑर्लँडो, जॅक्सनव्हिल, रोज सभा. पेन्सिल्व्हेनियाला ते मिळालं, मे महिन्यात इंडियानासारख्या एरवी दुर्लक्षित राज्यालाही मिळालं. उलट कॅलिफोर्निया ५ फेब्रुवारीच्या गर्दीत शिरून बाकी वीस राज्यांत हरवली.

मार्चमध्ये पुन्हा मतदानाची कल्पना आली. राज्य पक्षानं टपाली मतदानाचा आराखडा मांडला. खर्च एक ते सव्वा कोटी डॉलर. पैसे कोण देणार, टपालानं आलेल्या मतपत्रिकांवरच्या सह्या कोण जुळवणार, क्लिंटन जिंकल्या तर ओबामा मान्य करतील का, हे प्रश्न होतेच. राज्यातले डेमोक्रॅटिक काँग्रेस सदस्यही विरोधात गेले. १७ मार्चला थर्मन यांनी पत्र काढून सांगून टाकलं की फेरमतदान होणार नाही. मिशिगनचाही तसाच प्रस्ताव त्याच आठवड्यात विधिमंडळात अडकून मेला.

३१ मे

वॉशिंग्टनच्या मॅरियट वॉर्डमन पार्क हॉटेलात नियम समितीची बैठक भरली. बाहेर क्लिंटन समर्थक ‘प्रत्येक मत मोजा’चे फलक घेऊन. आत फ्लोरिडाच्या वतीनं राष्ट्रीय समितीचे सदस्य जॉन ऑसमन यांनी मुद्दा मांडला तो साधा होता: नियमात निम्म्याची शिक्षा आहे, तुम्ही पूर्ण कशी केलीत? सिनेटर नेल्सन यांनी पूर्ण प्रतिनिधी मागितले. ओबामांच्या बाजूनं बोलणारे काँग्रेस सदस्य रॉबर्ट वेक्सलर निम्म्याला तयार होते.

मग जेवणाची सुट्टी झाली आणि ती तासन् तास लांबली. टीव्हीवर रिकामं व्यासपीठ दिसत राहिलं आणि बंद दारामागे गणित चाललं. परतल्यावर आधी फ्लोरिडाचे प्रतिनिधी पूर्ण मतांनिशी बसवायचा ठराव आला: १२ बाजूनं, १५ विरोधात. नंतर तडजोड: सगळे प्रतिनिधी बसतील, प्रत्येकाला अर्धं मत. २७ विरुद्ध ०. क्लिंटन १०५, ओबामा ६७, एडवर्ड्स १३ प्रतिनिधी, म्हणजे मतं साडेबावन्न, साडेतेहतीस आणि साडेसहा. क्लिंटन यांना ओबामांवर आघाडी किती, तर १९ मतांची.

मिशिगनचं कडू झालं. जिथे ओबामांचं नावच मतपत्रिकेवर नव्हतं तिथे ‘अनिर्णित’ या रकान्यातली ४० टक्के मतं त्यांची धरून ६९–५९ अशी वाटणी केली, तीही अर्ध्या मतांची. इकीस संतापले; क्लिंटन यांना मिळायचे चार प्रतिनिधी पळवले म्हणाले. आदल्या ऑगस्टमध्ये शंभर टक्के शिक्षेला हात वर करणारे तेच ते. सभागृहात ‘डेन्व्हर, डेन्व्हर’च्या घोषणा झाल्या, म्हणजे हा वाद डेन्व्हरच्या अधिवेशनापर्यंत नेऊ.

नेला नाही. जिंकण्यासाठी लागणारा आकडा २,११८ झाला, ३ जूनला ओबामांनी तो गाठला, ७ जूनला क्लिंटन थांबल्या. ऑगस्टमध्ये ओबामांच्याच विनंतीवरून अधिवेशनाच्या आदल्या दिवशी दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत देण्यात आली. फ्लोरिडाचा मूळ अंदाज अक्षरशः खरा ठरला: ठरलेल्या उमेदवारानं प्रतिनिधी परत दिले. फक्त तोवर त्यांचा उपयोग संपला होता. नोव्हेंबरात ओबामांनी फ्लोरिडा सुमारे २ लाख ३६ हजार मतांनी जिंकली. शिक्षेमुळे राज्य हातचं जाईल ही भीतीही खरी ठरली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ऑगस्ट २००७ मधला शंभर टक्क्यांचा निर्णय मला सगळ्यांत महागात पडलेला वाटतो. नऊ महिने, कोर्टकज्जे आणि एक फसलेला टपाली आराखडा झाल्यावर समिती जिथे पोहोचली, ते नियमातलं पहिल्या दिवसाचं उत्तर होतं: निम्मं. तेच आधी धरलं असतं तर फ्लोरिडाची किंमत ठरलेली राहिली असती आणि २९ जानेवारीचा निकाल कुणाला किती देतो हे त्याच रात्री कळलं असतं. प्रचारबंदीचं कलम तरीही होतंच, हे खरं. पण निम्म्या प्रतिनिधींसाठी ते सैल करता आलं असतं. शून्यासाठी सैल करायला काही उरलंच नव्हतं. आणि धाक म्हणावा, तर मिशिगननं दहा दिवसांत दाखवून दिलं.

विधिमंडळातल्या डेमोक्रॅट्सना कागदी मतपत्रिका हव्या होत्या, त्यासाठी त्यांनी विधेयकाला मत दिलं, यात गैर काही नाही. पण दुरुस्ती पडल्यावर तारखेवरचा विरोध नावानिशी नोंदवायला हवा होता. हाउसमध्ये तीस-चाळीस विरोधी मतं पडली असती तरी विधेयक मंजूरच झालं असतं, कागदही मिळाला असता. पक्षाच्या नियमांत, राज्य पक्षानं कायदा रोखायचा प्रामाणिक प्रयत्न केला असेल तर त्याला सवलत देता येते. ११८–० पुढे ती सवलत मागायची कशाच्या जोरावर?

टपाली मतदानाचा प्रश्न वेळेचा होता. सप्टेंबर २००७ मध्ये त्याचा आराखडा केला असता तर सह्या जुळवण्याची व्यवस्था उभारायला पाच महिने होते आणि निकाल कुणाच्या बाजूनं जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही गटांनी कदाचित नियम मान्य केले असते. मार्चमध्ये प्रत्येक नियमाला लाभार्थी होता. कुणाला किती प्रतिनिधी कमी पडताहेत हे एकदा कळलं, की तडजोडीचं प्रत्येक कलम त्याच फूटपट्टीनं मोजलं जातं.

फ्लोरिडानं लगेच धडा घेतला असं नाही. २०१२ साठी पुन्हा ३१ जानेवारी धरली; रिपब्लिकन बाजूचे ९९ चे ५० प्रतिनिधी झाले, तेही पक्षाचं अधिवेशन फ्लोरिडातच, टॅम्पात भरणार असताना. रॉम्नींनी ते सगळे ५० नेले. मग रिपब्लिकन पक्षानं शिक्षा अशी केली की मोठ्या राज्याकडे जेमतेम डझनभर प्रतिनिधी उरतील. त्यावर २०१३ मध्ये राज्याच्या कायद्यातच दुरुस्ती झाली: प्रायमरी अशा पहिल्या मंगळवारी, ज्या दिवशी पक्षांच्या नियमांत शिक्षा होत नाही. तारखेच्या आकड्याऐवजी अट लिहिली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यांत शहाणं कलम, आणि ते दोनच वर्षं टिकलं. २०१५ मध्ये मार्चचा तिसरा मंगळवार ठरवला. त्या तारखेला, १५ मार्च २०१६ रोजी, मार्को रुबिओ आपल्याच राज्यात ट्रम्प यांच्याकडून हरले आणि स्पर्धेतून बाहेर पडले.

दोन मालकांचा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षानं साउथ कॅरोलिनाला पहिलं स्थान दिलं. न्यू हॅम्पशायरनं आपल्या १९७५ च्या कायद्यावर बोट ठेवून २३ जानेवारीला प्रायमरी घेतली. बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, समर्थकांनी ते हातानं लिहून त्यांना जिंकवलं, आणि पक्षानं आधी रोखलेले प्रतिनिधी पुढे बसवून घेतले. लढत एकतर्फी होती, म्हणून कुणाला हॉटेलात बसून अर्ध्या मतांची गणितं करावी लागली नाहीत.